रात्री अकराचं दळण

"काकू, काल रात्री अण्णांकडून आवाजच नाही आला!"

"नाहीच येणार. पंखा बदलला ना त्यांच्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा."

"अगंबाई, ती घरघर कॉम्प्युटरची होती? मला वाटलं घरगुती चक्की घेतलीय. ह्यांना म्हटलंसुद्धा, रात्री अकराला कसलं दळण काढतात!"

"गल्लीभर सांगून झालं असेल."

"छे! फक्त मागच्या आळीत."

"अण्णांचे जावई रात्री कामाला बसतात, म्हणून तेव्हाच ऐकू यायचं. दुकानदार म्हणे अख्खा एसएमपीएसच नवा घ्या. बिघडलं होतं काय, तर पंख्याचं बेअरिंग. स्वस्तातल्या पंख्याला स्लीव्ह बेअरिंग असतं, तेल वाळलं की दांडा खडखडतो. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतात काही जण, पण पुन्हा रड सुरू होतेच."

"आणि बदलला कुणी? तुम्ही?"

"टीव्हीच्या असेंब्लीत निम्मं आयुष्य गेलं माझं! जावई आधीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले. प्लग काढलाय म्हणे, आता कसली भीती! ओरडलेच मी. अगं, आपले २३० व्होल्ट आत डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढला तरी राहतात. एरवी हळूहळू उतरतात, पण उतरवणारा रेझिस्टरच उडाला असेल तर? अण्णांकडचा चहा निवांत प्यायले, मीटर लावून शून्य पाहिलं, मगच हात घातला."

"चहात साखर होती का? मला नेहमी फिकाच देतात."

"ऐक तर. तापकीर गल्लीतून पंखा आणायचा होता. १२० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाड, १२ व्होल्टचा. जावयांना सगळ्यांत हळू फिरणारा हवा, का तर आवाज नको. इथेच लोक फसतात. थंड असताना एसएमपीएस पंख्याला कमी व्होल्टेज देतो. फारच मंद पंखा तेवढ्यावर सुरूच व्हायचा नाही. झाला तरी वारा अपुरा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. आवाज जाईल, मागोमाग एसएमपीएसही जाईल. म्हणून वारा जुन्याइतकाच, फक्त बेअरिंग चांगलं, असा घ्यायला लावला."

"घेतला का? महाग असेल, आणि जावई तर चिकट."

"चिकटच. दुकानात तासभर घासाघीस केली म्हणे. जुन्याच्या दोन्ही तारा बोर्डाला सोल्डर केलेल्या. त्या मधेच कापून नव्याची लाल लालला, काळी काळीला जोडली, वर श्रिंक स्लीव्ह चढवली. नव्याची तिसरी, पिवळी तार वेग कळवायला असते. तिला लावायला जागाच नव्हती, टोक झाकून सोडली. पंखा ठेवायचं काम जावयांना दिलं, तर उलटा! गरम हवा परत कॅबिनेटमध्ये गेली असती. पंख्याच्या कडेवर बाण असतो, तोही पाहिला नाही."

"आणि मला दुधाच्या रांगेत काय म्हणाले माहितीय? 'मीच बसवला, सोपं असतं.'"

"म्हणाले ना? छान. त्यांच्या सासूबाईंचा मिक्सर आलाय माझ्याकडे दुरुस्तीला. आत्ताच परत पाठवते."