न विचारण्याचे माहात्म्य

माहितीप्रणाली उभारायला शिकणाऱ्या पोरांचे हल्ली फार हाल करतात. आधी कचेरीत जाऊन बसा, कारकुनाला विचारा, कागद कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर जातो त्याची आकृती काढा, पीटर चेन यांनी १९७६ साली दिलेल्या रीतीने नोंदींची आपसांतली नाती मांडा. एवढी उस्तवार झाल्यावर मग कोडची पहिली ओळ! ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्याने प्रश्न विचारावेत तरी कशाला?

शिवाय कारकुनाला विचारले की तो सांगतो, हीच पंचाईत. आवक नोंदवहीतला ‘शेरा’ हा रकाना घ्या. ‘साहेबांशी फोनवर बोललो, मूळ प्रत मागाहून’ असे तिथे लाल शाईने खरडलेले असते आणि सारी कचेरी त्या खरडीवर चालते. असल्या रकान्याला स्क्रीनवर थारा देऊ नये. दिला, तर तो का लागतो हे समजून घ्यावे लागते. समजले, की अर्धा आराखडा मोडावा लागतो.

वाचनही बेताचेच असावे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली एका निबंधात सॉफ्टवेअर उभारणीची पायरी-पायरीने खाली उतरणारी आकृती काढली आणि लगोलग लिहिले, की ही रीत अशीच राबवणे धोक्याचे आहे. उद्योगजगताने त्यातली आकृती तेवढी उचलली. मजकूर काय, कोणीही लिहितो.

पण खरा आदर्श लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचा. तिथे फोनवरचा पत्ता कागदावर उतरवला जाई, कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई आणि कोणती गाडी धाडायची ते मुरलेली माणसे ठरवत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सारे संगणकाच्या हाती गेले, तेही एका दमात, सबंध शहरासाठी. निविदा सर्वांत स्वस्त होती. गाड्यांवरच्या माणसांना फारसे विचारले नव्हते. प्रत्येक जण प्रत्येक बटण वेळेवर आणि क्रमाने दाबणार, हे गृहीतच होते. त्यांनी तसे दाबले नाही. मग कुठली गाडी कुठे आहे ते संगणकाला कळेना, एकाच पत्त्यावर दोन-दोन गाड्या पोचू लागल्या, इशाऱ्यांची रांग पडद्यावरून वर सरकून दिसेनाशी झाली आणि वाट पाहून कंटाळलेले लोक पुन्हा फोन करू लागले. नऊ दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, प्रणाली बंदच पडली. प्रोग्रॅममध्ये राहून गेलेला एक तुकडा दर खेपेला थोडी मेमरी अडवून ठेवत होता, एवढेच निमित्त. कागद पुन्हा बाहेर आले.

पुढे मात्र या सेवेने कच खाल्ली. कर्मचाऱ्यांना विचारत, थोडे थोडे करत १९९६ साली तिने नवी प्रणाली आणली, आणि ती चालली. आता चालणाऱ्या प्रणालीवर चौकशी समिती कोण बसवणार? पहिलीचा अहवाल १९९३ साली निघाला, आणि वर्गात अजून तीच शिकवतात.