निसर्गकाका

सातारा, सांगली, रत्नागिरी, नाहीतर पुण्यातली जुनी बंगल्यांची वस्ती. जिथे घरामागे अजून चार हात माती उरली आहे, तिथे एक निसर्गकाका असतातच. वय साठीच्या पुढे. आयुष्य बँकेत, वीजमंडळात किंवा जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात गेलेलं. शास्त्राचे निवृत्त मास्तर या वाटेला सहसा जात नाहीत. बेडकाची पचनसंस्था वर्षानुवर्षं फळ्यावर काढल्यानंतर खरा बेडूक समोर आला तरी ते ओळख दाखवत नाहीत. निसर्गकाकांना मात्र बेडूक निवृत्तीनंतरच भेटलेला असतो, त्यामुळे त्यांचं कौतुक ताजं असतं.

काकांची सामग्री थोडकी. नातवाच्या नावाने घेतलेलं भिंग, टॉर्च, श्रीखंडाचे रिकामे डबे, एक जुनी छत्री आणि काकूंची चहाची गाळणी. छत्री पावसासाठी नसते. ती झुडपाखाली उलटी धरून वरची फांदी झटकली की एरवी न दिसणारे किडे, कोळी, ढेकण्या छत्रीत टपाटप पडतात. ही पद्धत कीटकशास्त्रज्ञही वापरतात, हे काका प्रत्येक वेळी सांगतात. कपाटात सालिम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक आणि मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ असतो. अरविंद गुप्तांची काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांची खेळणी एकदा पाहून आल्यापासून या घरात कचरा बाहेर टाकण्यावर बंदी आलेली असते.

मुलं येतात ती मे महिन्याच्या सुट्टीत, आणि ती येत नाहीत, पाठवली जातात. दुपारी दोन तास घर शांत राहावं एवढीच आयांची विज्ञानाकडून अपेक्षा असते.

पहिला धडा कढीपत्त्याचा. या झाडावर मॉर्मन किंवा लिंबावरच्या फुलपाखराने अंडी घातली, की त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. पक्षी स्वतःची शीट खात नाहीत, म्हणून ती वाचते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. काका हे रंगून सांगतात. मुलांना त्यातलं ‘शीट’ एवढंच आवडतं आणि पुढचा अर्धा तास परसातली प्रत्येक खरी शीट तपासण्यात जातो. निरीक्षण म्हणून यात खोट काढता येत नाही.

त्या दिवसापासून कढीपत्ता तोडायचा नाही, असं फर्मान निघतं. काकू आमटीच्या फोडणीसाठी मंडईतून जुडी आणतात. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं; तेव्हापासून आपल्याकडची दर अळी राणी पाकोळीचीच, असं काका धरून चालतात. अळी कोष करते. मुलं रोज येऊन कोषाला ‘अजून किती वेळ’ असं विचारतात. फुलपाखरं बहुधा सकाळी लवकर बाहेर पडतात, त्यामुळे मुलं जमेपर्यंत रिकामं टरफल तेवढं उरलेलं असतं. सुरकुतलेले पंख हळूहळू ताठ होताना पाहिलेले असतात ते नळाला पाणी आलं म्हणून उठलेल्या काकूंनी. “मला हाक का नाही मारलीस?” असं काका विचारतात. “पिंप भरत होते,” हे उत्तर मिळतं. रंग निळा होता का, हे सांगायला काकू तयार नसतात.

हळदीच्या प्रयोगातही तेच. हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. मुलं थक्क होतात. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडून घेणाऱ्या माणसाशी संसार केलेल्या बाईला मात्र हे धुण्याच्या दगडावर कधीच कळलेलं असतं.

काका सगळंच बरोबर सांगतात असंही नाही. गांडूळ मधून तोडलं की दोन गांडुळं होतात, हे ते ठामपणे सांगतात आणि ते चूक आहे: जगलाच तर साधारणपणे डोक्याकडचा भाग जगतो. एखादी तिसरीतली मुलगी विचारते, “मग त्यातलं पहिलं कोणतं?” काका घरात जाऊन पुस्तक काढतात. बराच वेळ बाहेर येत नाहीत.

धामण निघते तेव्हा वर्ग संपतो. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मित्र, हे काकांनीच शिकवलेलं असतं. “घाबरू नका,” असं ते धुण्याच्या दगडावर उभे राहून सांगतात. मुलं खाली उकिडवी बसून धामण कुंपणापलीकडे जाईपर्यंत पाहतात.

वर्षातला मोठा सोहळा शून्य सावलीचा. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रांगोळीच्या वर्तुळात तांब्या ठेवलेला, मुलं अनवाणी चटके सोसत भोवती उभी. सावली आखडत आखडत तांब्याच्या बुडाखाली जाते. “म्हणजे काही नाही हे बघायला बोलावलंत?” असं एक तरी पोर विचारतंच. हाच योग जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा सूर्यच ढगाआड असतो.

पावसाळ्यात काका सरळ कडांच्या बरणीत पट्टी धरून पाऊस मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर, हा हिशेब मात्र कधी चुकत नाही. नोकरी त्यातच गेलेली असते. ते सगळं पाणी गटारात गेलं आणि आपण टँकर मागवला, हे मुलं घरी जाऊन बाबांना सांगतात. काकांविषयीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

ज्यांच्या शेजारी असे काका आहेत त्यांनी मुलांना जुने कपडे घालून पाठवावं, खिसे धुण्याआधी तपासावेत, आणि कढीपत्त्याचं एक रोप काकूंना नेऊन द्यावं.