अंगठी वितळली, पाट्या तशाच

जाडजूड तीन खंडांच्या अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्यांची एक जमात आहे. पहिला खंड ही मंडळी भक्तिभावाने वाचतात, दुसरा चिकाटीने आणि तिसरा शेवटची लोकल पकडायची असल्यासारखा. खलनायक मेला की स्टेशन आलं. पुस्तक मिटायचं, 'संपवलं एकदाचं' म्हणून मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा आणि मोकळं व्हायचं. मागे राहिलेली पानं लेखकाने बहुधा बाइंडरची सोय म्हणून लिहिलेली असतात.

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा खंड, म्हणजे 'द रिटर्न ऑफ द किंग', या जमातीची चांगलीच जिरवतो. जिच्यापायी शेकडो पानं पायपीट चालली ती अंगठी ज्वालामुखीत पडते, काळा सम्राट सौरॉन धुळीला मिळतो, आणि बघावं तर पुढे अजून सहा प्रकरणं शिल्लक! ती संपली की सहा परिशिष्टं. त्यांत राजवंश, सनावळ्या, वंशवेल, पंचांग, लिपी, सगळं काही. नायक अ‍ॅरागॉर्नची प्रेमकथासुद्धा परिशिष्टात आहे. मुख्य ग्रंथात वाचकाला थेट लग्नाचंच आमंत्रण. प्राध्यापकाने कादंबरी लिहिली की असं होतं.

खरं तर टॉल्किनच्या लेखी ही त्रयी नव्हतीच, सहा भागांचं एकच पुस्तक होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग, प्रकाशक अ‍ॅलन अँड अनविन धास्तावलेले, म्हणून त्याचे तीन तुकडे झाले. पहिला जुलै १९५४मध्ये आला, दुसरा नोव्हेंबरात. दुसऱ्याच्या शेवटी अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडला आणि वाचक लटकले ते थेट २० ऑक्टोबर १९५५पर्यंत. उशीर कशाने, तर त्याच परिशिष्टांनी. एवढं करून कबूल केलेली सूची आलीच नाही; तिच्या जागी प्रकाशकाची दिलगिरी छापली आणि किंमत मात्र २१ शिलिंगांवरून २५वर नेली. शेवट आधीच कुणी सांगितला की आज लोक मैत्री तोडतात. इथे प्रकाशकाने तो मुखपृष्ठावरच छापला: राजा परत येतो. टॉल्किन यावर कुरकुरलाही होता, त्याला 'द वॉर ऑफ द रिंग' हे नाव हवं होतं. कुरकुरीचं जे व्हायचं ते झालं. तरी त्या वाचकांना अकरा महिन्यांत पुस्तक मिळालं हो. पॅट्रिक रॉथफसच्या त्रयीचा दुसरा खंड २०११ला आला, तिसऱ्याची वाट बघणाऱ्यांची आता मुलं कॉलेजात जातील.

पण मुद्दा त्या सहा प्रकरणांचा आहे, त्यातही शेवटून दुसऱ्याचा. जग वाचवून चार हॉबिट, फ्रोडो आणि त्याचे तीन बुटके सोबती, घरी, शायरला, परत येतात. रात्र झालेली, अंगावरचे कपडे ओले, चौघेही दमलेले. ब्रँडीवाइन नदीच्या पुलावर येऊन बघतात तर दोन्ही टोकांना खिळे ठोकलेलं नवंकोरं फाटक. आतून आवाज येतो, सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, पाटी वाचता येत नाही का? अंधारात पाटी वाचायची कशी, हा चौघांतल्या सॅमचा सवाल. पहाऱ्यावरची पोरं ओळखीची निघतात, पण फाटक उघडत नाहीत. मग या वीरांवर, ज्यांतल्या दोघांनी सौरॉनचा मुलूख मॉर्डोर पायी तुडवला आहे, वेळ येते ती उरलेल्या दोघांना आपल्याच गावाच्या फाटकावरून चढवून आत उतरवण्याची. पहारेकऱ्यांच्या खोलीत खायला जेमतेम, बिअर नाही, सरपण मोजून, आणि प्रत्येक भिंतीवर नियमांची यादी. चौघांतला पिपिन त्या याद्या टराटरा फाडतो.

दुसऱ्या दिवशी शिपायांची टोळी अटक करायला हजर. आरोप ऐका: फाटक मोडलं, नियम फाडले, विनापरवाना सरकारी इमारतीत झोपले आणि पहारेकऱ्यांना खाऊ घालून लाच दिली. काल ज्यांनी सौरॉन पाडला त्यांच्यावर आज कलम कुठलं, तर पहारेकऱ्यांसोबत शिदोरी वाटून खाल्ल्याचं. हे प्रकरण १९५५ साली ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने छापलं यावर विश्वास बसत नाही. कुठल्याही नगरपालिकेच्या आवारात तासभर उभं राहून लिहिल्यासारखं आहे.

पूर्वी शायरच्या आतल्या बंदोबस्ताला बारा शिपाई पुरायचे. कामही काय, तर चुकलेली गुरं हुडकणं. आता शेकडो झालेत, आणि नियम वाढले म्हणून अजून भरती चालू आहे. त्यांच्यातला एक सॅमचा जुना दोस्त निघतो. तुला हे पटत नसेल तर सोड की नोकरी, असं सॅम म्हणतो. नोकरी सोडायला परवानगी नाही, असं उत्तर येतं. धान्य मोजून नेणारे वेगळे आणि 'समान वाटप' करणारे वेगळे. नेलेलं सगळ्यांना दिसतं, वाटलेलं कुणालाच नाही. मूळ महापौर तुरुंगात.

आणि हे केलं कुणी? वाचक पटकन सारुमानचं नाव घेतो. पदच्युत जादूगार आहे, सोयीचा खलनायक. पण तो आला शेवटी. सुरुवात केली फ्रोडोच्याच भाऊबंदकीतल्या लोथोने. त्याने आधी गिरणी घेतली, मग मळे, मग खानावळी, आणि एक दिवस स्वतःला मुख्य म्हणवून घेतलं. बाहेरचे गुंड त्याने पोसले, शिपाई मात्र गावातलेच भरती झाले, काही तर हौसेने. झाडं तोडली, गिरणी मोठी केली, पुढे तिच्यात दळण बंद पडलं आणि फक्त धूर आणि नदीत घाण सुरू झाली. जिथे गिरणीवाला बाप मालक होता तिथे त्याचा मुलगा चाकं पुसतो आणि वर ऐटीत बोलतो. ही युद्धानंतरच्या इंग्लंडवरची टीका, असं तेव्हा बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं. टॉल्किनने पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते खोडून काढलं: माझ्या बालपणीचा मुलूख मी दहा वर्षांचा होण्याआधीच नासवला जात होता, असं त्याने सांगितलं. म्हणजे कारखाना जुना, मालक फक्त बदलतात.

या सगळ्यात चौघांचा पाठीराखा जादूगार गँडाल्फ कुठे आहे? वाटेतच निरोप घेऊन गेलेला. तुमच्या गावचं तुम्ही निस्तरा, एवढ्यासाठीच तुम्हाला तयार केलं, असं बजावून. फाटक काढायला जादूगार येत नाही. गावकरी स्वतःच उठतात, आणि बायवॉटरच्या झटापटीत सत्तर गुंड मरतात आणि एकोणीस हॉबिट. एवढ्या मोठ्या कथेत ही आकडेवारी किरकोळ वाटेल, पण त्या एकोणीस जणांची नावं गावाने लिहून ठेवली.

'युद्ध संपल्यावर एवढं पाल्हाळ कशाला' हा प्रश्न मराठी वाचकाने तरी विचारू नये. महाभारताचं अठरा दिवसांचं युद्ध दहाव्या पर्वात आटोपतं आणि व्यास पुढे आठ पर्वं सांगतात. युद्धानंतर छत्तीस वर्षांनी, मौसलपर्वात, यादव एकमेकांना मारून संपतात. द्वारकेच्या बायकांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला वाटेत साधे लुटारू आवरत नाहीत, गांडीवाला दोरी चढवताना दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत. फ्रोडोचंही तेच. जखमा बऱ्या झाल्या म्हणावं तर दर वर्षी ठरलेल्या तारखांना तो आजारी पडतो, आणि दोन वर्षांत जहाजात बसून कायमचा निघून जातो. टॉल्किन १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सॉमच्या खंदकांत होता. १९१८पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. असा माणूस राज्याभिषेकाच्या तुताऱ्यांवर पुस्तक संपवणार नाही, हे कळायला समीक्षक लागत नाही.

सिनेमावाल्यांना मात्र ते परवडलं नाही. पीटर जॅक्सनच्या २००३च्या चित्रपटाला अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाली. तीन तास एकवीस मिनिटांच्या त्या सिनेमात शेवट इतके की प्रेक्षक अर्धवट उठून पुन्हा बसतात. तरी शायरचं फाटक, याद्या, शिपाई, सगळं गायब. चौघे परततात तेव्हा गाव पहिल्यासारखं हिरवंगार, खानावळीत गर्दी. देखणं आहे, पण खोटं आहे. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला त्यांनी शेवट पाहिलेलाच नाही. मराठीत मुग्धा कर्णिकांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे, तेव्हा इंग्रजी जड जातं ही सबबही चालणार नाही. परिशिष्टं सोडलीत तर कुणी विचारायला येणार नाही. ती सहा प्रकरणं मात्र सोडू नका.

त्यात एक वाक्य सहज निसटण्यासारखं आहे. तुरुंगातून सुटलेला महापौर खाऊन-पिऊन ताजातवाना होईपर्यंत फ्रोडो त्याच्या जागी प्रभारी म्हणून बसला. त्या खुर्चीवरून त्याने एकच काम केलं: शिपायांची संख्या आणि अधिकार पुन्हा पूर्वीइतके कमी केले. असं कलम कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडलं तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा.