पाहुणे, मंगळवार आणि चार चौकटी

तर्काच्या कोड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात यादीतून मोजकेच घटक निवडायचे असतात, म्हणजे आठ उमेदवारांतून चौघांची समिती नेमायची असते. दुसऱ्यात सगळ्यांना घ्यायचेच असते आणि कोण कोणाच्या आधी एवढेच ठरवायचे असते, आणि हा प्रकार बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकांत ‘बैठक व्यवस्था’ या प्रकरणाच्या शेजारीपाजारी आढळतो. या दोहोंच्या संकराला मिश्र कोडे म्हणता येईल, कारण त्यात कोण येणार हेही ठाऊक नसते आणि आलेला कुठे बसणार हेही. अमेरिकेतील कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतून, म्हणजे एलसॅटमधून, ऑगस्ट २०२४ पासून तर्काच्या कोड्यांचा विभाग वगळण्यात आला. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना मात्र अशी सूट मिळालेली नाही, कारण येथे पुण्याहून पाहुणे येतात, एकच दिवस राहतात आणि त्यांना ‘सगळं’ पाहायचे असते.

या मुलखाला हे गणित परके नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटण लागते, जेथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा इ.स. १२०७चा शिलालेख आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ या नावाचे प्रकरण असून त्यात विष्णूच्या चार हातांतील चार आयुधांची अदलाबदल २४ प्रकारे होते, असे दाखवले आहे. नऊ अंकांतून सहा वेगवेगळे अंक घेऊन किती संख्या होतील, याचाही नियम तेथे सापडतो. त्याच नियमाने आठ प्रेक्षणीय स्थळांतून चार निवडून क्रमाने लावण्याचे आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच, म्हणजे १,६८० मार्ग निघतात. आचार्यांच्या अंकांचे गुडघे दुखत नव्हते, ही त्यांची मोठीच सोय होती.

मांडणीची पहिली पायरी म्हणजे घटकांची यादी, आणि ती बहुधा एखाद्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर केली जाते: अजिंठा, वेरूळ, देवगिरी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, बीबी का मकबरा, पाणचक्की, पैठण. तिच्याखाली चार चौकटी आखून त्यांना एक ते चार क्रमांक द्यावेत आणि बाजूला ‘बाद’ असा एक रकाना ठेवावा. या रकान्याला नवखे लोक महत्त्व देत नाहीत. वास्तविक मिश्र कोडे सुटते ते या रकान्यामुळेच, कारण काय घ्यायचे यावर कोणत्याही कुटुंबात एकमत होत नसले तरी काय जमणार नाही यावर पुरातत्त्व खात्याचे मत ठाम असते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. पाहुणे मंगळवारीच येतात.

त्यामुळे केवळ वेरूळसाठी आलेल्या मंडळींचे वेरूळ पहिल्याच फटक्यात बाद होते. अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, शिवाय फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे बसने जायचे, म्हणजे दिवस तेथेच संपतो आणि चार चौकटी भरायच्या असतील तर तोही बाद. यानंतर अटी लिहाव्यात. देवगिरी घेतला तर तो पहिलाच, कारण उन्हात तो चढ कोणी चढणार नाही. मकबरा घेतला तर तो शेवटी, संध्याकाळच्या फोटोंसाठी, आणि त्याच्या लगेच आधी पाणचक्की, ती वाटेवरच असल्याने. पैठण आणि देवगिरी एकत्र नाहीत, हे काकांच्या गुडघ्यांनी ठरवलेले असते. घृष्णेश्वर घेतला तर पहिल्या दोन चौकटींत, कारण आत्याबाई दर्शनाआधी तोंडात काही घालत नाहीत. आणि भद्रा मारुतीला गेलो तर घृष्णेश्वर केलाच पाहिजे, हाही त्यांचाच दंडक.

या शेवटच्या अटीपाशी अभ्यासकाने थबकावे. ‘मारुती तर घृष्णेश्वर’ यातून ‘घृष्णेश्वर नाही तर मारुतीही नाही’ एवढेच निष्पन्न होते. ‘घृष्णेश्वर तर मारुती’ हे निष्पन्न होत नाही. हा भेद तर्कशास्त्रात प्राथमिक समजला जात असला तरी तो आत्याबाईंना समजावून सांगण्याचे धाडस यजमानीणबाईंनी करू नये, कारण “म्हणजे मारुतीला टाळायचंय तुला” हे उत्तर कोणत्याही नियमात बसत नाही.

आता मिश्र कोड्याची खरी गंमत दिसते. भाच्याने देवगिरीचा आणि नव्या सुनेने मकबऱ्याचा हट्ट धरला, तर पहिली आणि चौथी चौकट भरते. मकबऱ्यामागून पाणचक्की तिसऱ्या चौकटीत येते. दुसरीत मारुती घालावा तर घृष्णेश्वराला जागा उरत नाही, पैठण देवगिरीसोबत चालत नाही, तेव्हा घृष्णेश्वरच तेथे बसतो. १,६८० मार्गांतून एकच उरतो, आणि तोही कोणाची समजूत न घालता. आधी चार स्थळे मतदानाने निवडून मग क्रम लावू पाहणारी घरे रात्री साडेअकरापर्यंत जागी असतात, ती क्रमाच्या अटी निवडीतही ढवळाढवळ करतात हे ध्यानात न घेतल्यामुळे.

पाठ्यपुस्तकातील कोड्यात सगळ्या अटी आधीच छापलेल्या असतात. येथे त्या गाडी नगर नाका ओलांडून गेल्यावरही येत राहतात. दौलताबादच्या अलीकडे रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसतात, आत्याबाई “जरा थांबव रे” म्हणतात, डोळे उघडलेले फळ कोणते आणि दडपे कोणते यावर पाऊण तास भाव होतो, आणि यादीत नसलेला नववा घटक पहिल्या चौकटीत जाऊन बसतो. देवगिरी घेतला तर पहिलाच असे ठरलेले असल्याने, पहिला नाही त्या अर्थी तो घेतलाच नाही, हा निष्कर्ष मागच्या सीटवरून काका अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने काढतात.