इंजिनात ‘थोडंसं काम’ असलेली गाडी घेताना

जुनी गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न तळोद्यात कुणाला पडलेला मी पाहिला नाही. गाडी घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं. राहता राहतं एवढंच, की इंजिन खराब आहे हे धडधडीत दिसत असताना ‘तसं काही नाही’ हे चार माणसांच्या तोंडून वदवून घ्यायचं. हे काम रीतीनं व्हावं म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वात आधी माणसं निवडावीत. ट्रॅक्टर चालवलेला एक मामा, ज्याला दोन्हीकडून कमिशन मिळणार आहे असा एक मित्र आणि गाडीचा रंग आवडेल असं घरातलं एक मूल. मिस्त्री मुळीच नेऊ नये. मिस्त्री आला की बोनेट उघडतो, आणि बोनेट उघडलं की व्यवहारात कडवटपणा येतो.

वेळ भर दुपारची ठेवावी. रात्रभर उभं असलेलं इंजिन पहाटेच्या पहिल्या सेल्फला सगळं पोटातलं ओकून टाकतं. म्हणून विकणारा सुज्ञ माणूस तुम्ही यायच्या आत गाडी एकदा फिरवून आणतो. एरवी बोनेटला हात लावला की ही चलाखी कळते. पण वैशाखात तळोद्यात बोनेट तसंही पोळतं. गाडी चालवून आणली की उन्हात उभी होती, हे ओळखायला मार्ग नाही. दोन्ही पक्षांची सोय.

आता धूर. याचा अभ्यास सविस्तर करावा, कारण मालक तोंडानं काय बोलतो त्याच्या बरोब्बर उलट सायलेन्सर बोलत असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय; पिस्टनच्या रिंगा तरी गेल्या, नाहीतर व्हॉल्व्हची सीलं. यावर ‘नवीन ऑइल टाकलंय ना भाऊ’ हे उत्तर मिळेल, ते मान्य करावं. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल-पंपाकडे बघायला हवं. उत्तर: ‘पिकअप आहे गाडीला!’ पांढरा धूर थंडीतल्या सकाळी घडीभर दिसून विरला, तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरही तो दाट येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट आत शिरून जळतंय; हेड गॅस्केट उडालं असावं. इथे मामांनी खोकावं आणि विषय उसाच्या भावाकडे न्यावा. धूर अजिबातच नसेल, तर मात्र सावध व्हायचं कारण आहे. घट्ट ऑइल किंवा बाजारात मिळणारं औषध ओतलं की धूर आणि खडखड काही दिवस दबतात. अर्थात आपल्याला सावध व्हायचंच नाही.

कुणा आगाऊ माणसानं ऑइल भरायचं झाकण फिरवलंच, तर आत काय आहे ते बघून घ्यावं लागतं. काळं ऑइल असेल तर ठीक. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळट, चिकट फेस असेल तर ऑइलात पाणी गेलंय. मालक म्हणेल, ‘पावसाळी हवेनं होतं तसं.’ गाडी थोडीच चालत असली तर दमट दिवसांत खरंच होतं. मे महिन्यात होत नाही. झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि तिथून भकाभका धूर व वारा बाहेर येऊ लागला, तर रिंगा गेल्याची कबुली इंजिन स्वतःच देतंय. झाकण पटकन लावून टाकावं.

चालवून बघायला नंदुरबारचा रस्ता धरावा. सपाट आहे, हातोड्याच्या पुलावरून तापीचं वारं लागतं, टॉपमध्ये गाडी छान गुणगुणते. उत्तरेला धडगावच्या वाटेवर चांदसैलीचा घाट आहे, तिकडे चुकूनही वळू नये. चढावर, माणसं भरून, दुसऱ्या गिअरमध्ये मेलेलं कम्प्रेशन लपत नाही आणि टेम्परेचरचा काटा मालकाच्या डोळ्यांदेखत वर चढतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारे दात मोजतात, अंगावरचे भोवरे बघतात आणि घोडा पळवल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. पण तो शेवटी घोडा. गाडीच्या बाबतीत इतका अविश्वास बरा दिसत नाही.

कागदपत्रं. जीजे-२६ पाहून बिचकू नये, कुकरमुंडा-निझर म्हणजे आपला शेजारच. फक्त गुजरातची एनओसी लागेल, महाराष्ट्राचा कर भरावा लागेल आणि गाडी एमएच-३९ करून घ्यावी लागेल. बँकेचा बोजा आरसी बुकावर तसाच असेल तर तो ‘फिटलेला आहे’ असं मालक शपथेवर सांगेल. बँकेचं पत्र मागून त्याचा अपमान करू नये. गाडी मारुती ८०० असेल तर आणखी एक बारीक गोष्ट: ती बनायची २०१४ मध्येच थांबली आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

राहिला भाव. ‘पाच-दहा हजारांचं काम आहे’ हा आकडा ज्यानं ते काम स्वतः करून घेतलेलं नाही, तोच सांगतो, हे लक्षात ठेवायचं नाही. हेड उतरवल्यावर ते वाकलेलं निघतं, मग ब्लॉक बोअर करायचा, मग क्रँकचे बेअरिंग, आणि एवढं उघडलंच आहे तर क्लचप्लेटही. मिस्त्रीकडून फुल इंजिनाचा अंदाज आधी लिहून घेतला, आणि तो गाडीच्या भावात मिळवला, तर बरीच बेरीज शोरूमच्या दाराशी जाऊन थांबते. म्हणून बेरीज करू नये. टोकन द्यावं आणि पेढे घ्यावेत.

इतकं वाचूनही ज्याला गाडी खरोखर पारखून घ्यायची खोड असेल, त्यानं मालकाला एवढंच म्हणून बघावं: ‘उद्या पहाटे येतो, तोवर गाडीला सेल्फ मारू नका. मिस्त्री माझा, कम्प्रेशन तपासायचा खर्च माझा, नंतर चांदसैलीपर्यंत जाऊन येऊ.’ तो ‘या’ म्हणाला तर भावाचं बोला. ‘गाडी एक नंबर शे भाऊ, इतलं काय बघतस?’ म्हणाला, तर चहा घ्या आणि एसटीनं घरी या.