ड्रॅगनचे काम प्रगतिपथावर आहे

आमच्या परिचयातल्या एका महाकादंबरीकारांनी यंदा दिवाळीच्या तोंडावर ‘आगामी वाटचाल’ नावाची पुस्तिका छापून घरोघर वाटली. आर्ट पेपर, चाररंगी छपाई, मुखपृष्ठावर पंख पसरलेला ड्रॅगन. आत त्यांच्या येऊ घातलेल्या पुस्तकांचा आढावा आहे. जी पुस्तकं येऊन गेली त्यांची यादी मलपृष्ठावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली, बारीक टायपात आहे. ती अर्ध्या ओळीत मावली, कारण पुस्तक एकच आहे : खंड पहिला.

गृहस्थ स्वतःचे प्रकाशक स्वतःच. प्रकाशकांकडून हस्तलिखित साभार परत यायला लागलं, तेव्हा त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली आणि वहिनींच्या नावावर प्रकाशनसंस्था काढली. संस्थेचं गोदाम म्हणजे हॉलमधला दिवाण. पाचशे प्रतींपैकी ज्या गेल्या नाहीत त्या दिवाणात आहेत, आणि दिवाणाचं झाकण बसत नाही. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना खंड पहिल्यावर झोपवतात. मणक्याला चांगलं असतं, असं वहिनी सांगतात.

पुस्तिकेची भाषा पतपेढीच्या वार्षिक अहवालाची आहे. नमुन्यादाखल :

“खंड दुसरा, ‘अग्निकुंडाचा वारस’ : लेखन ६८ टक्के पूर्ण. मागील अहवालात हे काम ७४ टक्के दाखवले होते. दरम्यानच्या काळात नायकाला जुळा भाऊ असल्याचे निदर्शनास आल्याने टक्केवारीत तांत्रिक घट झाली आहे. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. खंड तिसरा : शेवट लिहून तयार, सुरुवात व मधला भाग विचाराधीन. पूर्वखंड : खंड पहिल्याच्या चारशे वर्षे आधीची हकिकत. ती कळल्याखेरीज खंड दुसरा कळणार नसल्याने खंड दुसरा पूर्वखंडानंतर प्रसिद्ध होईल. ड्रॅगनभाषेचे व्याकरण : सात विभक्ती पूर्ण, संबोधन बाकी. नकाशा : १०० टक्के.”

नकाशा मी पाहिला. जेवणाच्या टेबलावर पसरला होता. गुंडाळी होऊ नये म्हणून तीन कोपऱ्यांवर वरणाचं पातेलं, मिठाची बरणी आणि चष्म्याचं घर, चौथ्यावर खंड पहिला. सात राज्यं, दोन समुद्र, एक वाळवंट. एक नदी डोंगराच्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरत होती. “मंतरलेली आहे,” ते माझ्या आधीच म्हणाले. वायव्येकडचा किल्ला हुबेहूब सिंहगड. पायथ्यापासून वरपर्यंत छोट्या छोट्या राहुट्या काढल्या होत्या. मी म्हटलं, “पिठलं-भाकरीवाले का?” ते म्हणाले, “शत्रूची छावणी.” मग बराच वेळ बोलले नाहीत.

ही टक्केवारीची विद्या अमेरिकेतून आली. युटा राज्यातला ब्रँडन सँडरसन हा या पंथाचा मूळपुरुष. कोणतं पुस्तक किती टक्के झालं याच्या पट्ट्या तो जाहीर लावतो आणि दर डिसेंबरात आपल्या कामाचा लांबलचक वार्षिक अहवाल देतो. त्याला मोठमोठे प्रकाशक आहेत. तरी १ मार्च २०२२ रोजी त्याने सांगितलं, की कोविडच्या काळात मी गुपचूप चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या मी स्वतः काढणार, हव्या असतील त्यांनी आगाऊ पैसे भरावेत. दहा लाख डॉलर जमावेत एवढीच त्याची मागणी होती, आणि ते पहिल्या तासाभरातच जमले. महिनाअखेर आकडा ४ कोटी १७ लाख डॉलरवर गेला, पैसे भरणारे १ लाख ८५ हजारांवर. २०२३ मध्ये चारही पुस्तकं वाचकांच्या हातात पडली.

आमच्या महाकादंबरीकारांनी ही हकिकत कापून भिंतीला लावली आहे. त्यातला एक तपशील मात्र कात्रीच्या पलीकडे राहिला असावा : सँडरसनने पैसे मागितले तेव्हा चारही पुस्तकं लिहून झालेली होती. शिवाय २००५ मध्ये त्याची पहिली कादंबरी ‘एलांट्रिस’ छापून आली, ती त्याने लिहिलेली सहावी. ती विकली जाईपर्यंत त्याच्याकडे डझनभर कादंबऱ्या लिहून पडल्या होत्या. पट्टी उचलणं सोपं. तिच्यामागचा माळा कोण उचलणार?

पट्टी उचलून आमच्याकडे पुढची पायरी गाठली गेली : नियोजित पाच खंडांच्या संचावर प्रकाशनपूर्व सवलत. पैसे तिघांनी भरले. एक मेहुणा. एक कचेरीतला सहकारी, ज्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याच दिवशी द्यायची होती. आणि सांगलीचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांची समजूत अशी, की ‘अग्निकुंडाचा वारस’ हे अग्निहोत्रावरचं पुस्तक आहे. त्यांची रोज पृच्छा येते. पहिला खंड त्यांना पाठवायचा म्हटला तर तो साडेसातशे पानी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने नोंदणीकृत बुक पोस्टची सवलतच बंद केली. त्यामुळे ड्रॅगन सांगलीला न्यायचा खर्च ड्रॅगनच्या किमतीशी बरोबरी करू लागला आहे.

अप्पा बळवंत चौकातही ते जाऊन आले. वितरकाने पुस्तक हातात घेऊन तोललं, पाठ पाहिली, बांधणी ताणून बघितली आणि विचारलं, “परीक्षेला लागलंय का?” लागलेलं नाही म्हटल्यावर पन्नास टक्के कमिशन आणि न विकलेल्या प्रती स्वखर्चाने परत न्यायच्या, असा भाव निघाला. महाकादंबरीकारांनी घरी येऊन खंड दुसऱ्यात एक लोभी बुटका घातला. त्याच्या गुहेचं वर्णन वाचलं तर चौकात कोणत्या बाजूने शिरायचं ते कळतं.

टक्केवारीवर हसण्याचा हक्क आपल्याला फारसा नाही, हे खरं. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड जुलै २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता लोकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली. २०१९ मध्ये मार्टिनने वाचकांना लेखी मुभा दिली होती : पुढच्या वर्षी विज्ञानकथा संमेलनासाठी न्यूझीलंडला येताना पुस्तक हातात नसेल, तर मला तिथल्या व्हाइट आयलंडवर आम्लाच्या तळ्याकाठी कोंडून घाला. पुढच्या वर्षी कोविड आला, संमेलन ऑनलाइन झालं आणि वाचकांना कोंडायला माणूसच मिळाला नाही. २०२२ मध्ये त्याने पाऊण पुस्तक झाल्याचं सांगितलं. पाऊण हा आकडा मोठा दिलदार असतो. त्यात कितीही वर्षं बसतात.

पण मार्टिनच्या दाराशी निदान प्रकाशक उभा आहे. स्वतःच प्रकाशक असलेल्याच्या दाराशी कोण उभं राहणार? आमच्या प्रकरणात कायद्याने प्रकाशक वहिनी. त्या खंड दुसऱ्याची चौकशी करत नाहीत. दिवाणात जागा नाही.

या धंद्यात तीनाचे चार होतात तो तर शिष्टाचारच आहे. क्रिस्टोफर पाओलिनीच्या आईवडिलांनी २००२ मध्ये मुलाचं ‘एरागॉन’ घरच्या घरी प्रसिद्ध केलं. पोरगं मध्ययुगीन अंगरखा चढवून शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून पुस्तक विकत हिंडलं. पुढच्याच वर्षी मोठ्या प्रकाशकाने ते उचललं. जाहीर झाली होती त्रिधारा. २०११ मध्ये संपली तेव्हा खंड चार होते. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या ‘व्हील ऑफ टाइम’चा एकच, शेवटचा खंड राहिला होता. तो पुरा करायला हेच सँडरसन महाशय बसले आणि त्या एकाचे तीन झाले. याला अपवाद म्हणून आपल्या मुंबईच्या अमीश त्रिपाठींचं नाव घ्यावं लागेल. प्रकाशकांनी नाकारलेलं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० मध्ये स्वतःच्या हिमतीवर बाजारात आलं, पहिलं प्रकरण दुकानांतून फुकट वाटलं गेलं, आणि शिवाची त्रिधारा २०१३ मध्ये तिसऱ्याच पुस्तकाला संपली. विमा कंपनीत नोकरी केलेला माणूस. मुदतपूर्तीचं महत्त्व जाणतो.

आमच्या महाकादंबरीकारांनीही पहिलं प्रकरण फुकट वाटलं होतं. लोकांचं त्यात पूर्ण समाधान झालं. दुसरं कोणी मागितलं नाही.

अंगरख्याचाही प्रयोग झाला. वहिनींच्या जुन्या पैठणीचा झगा करून ते एका शाळेच्या वार्षिक संमेलनाला गेले. मुख्याध्यापकांनी त्यांना वासुदेव समजून अकरा रुपये दिले. स्वप्रकाशित वाङ्मयातून झालेली ती त्यांची आजवरची एकमेव निव्वळ प्राप्ती. ताळेबंदात ती ‘इतर उत्पन्न’ या सदराखाली दाखवली आहे.

खंड पहिल्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय, की मराठीत अद्भुताची परंपराच नाही, ती मी सुरू करत आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘रत्नप्रभा’ १८६६ची आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. म्हणजे मराठी कादंबरी रांगायला लागली तीच अद्भुताचं बोट धरून. हे मी त्यांच्या कानावर घातलं. त्यावर ते म्हणाले, “पण त्यांच्यात नकाशा होता का?”

भाच्याने त्यांना ई-पुस्तकाचा मार्ग सुचवला. अॅमेझॉनने २०१६च्या अखेरीस मराठीतून किंडल पुस्तकं काढायची सोय केली, तिथे दिवाण लागत नाही. पण त्याच अॅमेझॉनला सप्टेंबर २०२३ मध्ये नियम करावा लागला, की एका लेखकाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकू नयेत. यंत्राकडून पुस्तकं लिहवून घेणाऱ्यांची झुंबड उडाली होती. नियम ऐकून महाकादंबरीकार दोन दिवस जेवले नाहीत. दिवसाला तीन! इथे जुळ्या भावाचं नाव ठरवण्यात पावसाळा गेला. माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्यांच्या बाजूने आहे. ते फुलस्केपवर बॉलपेनाने लिहितात, मजकूर खोडतात, खोडलेलं पुन्हा लिहितात. नदी डोंगर चढते ती त्यांची स्वतःची चूक आहे, उसनी नाही.

आणि वाचकांचं काय, असं विचाराल तर वाचक खूष आहेत. पुस्तिका सगळ्यांनी वाचली. टेकडीवर सकाळी भेटणारे बँकेतले एक निवृत्त अधिकारी मला अडवून विचारतात, “जुळ्या भावाचं काय ठरलं हो? तो वडिलांच्या बाजूचा की ड्रॅगनच्या?” मी त्यांना सहज विचारलं, “खंड पहिला कसा वाटला?” ते दचकले. म्हणाले, “छे, छे, तो अजून उघडला नाही. सगळे खंड आले की एकदम बसणार आहे.” आलेल्या पुस्तकाची जबाबदारी येते, ते वाचावं लागतं, नाही वाचलं तर लेखकाला पाहून रस्ता ओलांडावा लागतो. आगामी पुस्तकाविषयी मात्र कोणीही, कुठेही, तोंडाचा पट्टा चालवत बोलू शकतो. लेखकाने लिहायचं नाही आणि वाचकाने वाचायचं नाही, हा करार दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं इमानाने पाळत आले आहेत. मराठीत इतका सुरळीत चाललेला दुसरा व्यवहार माझ्या पाहण्यात नाही.

महाकादंबरीकारांना अलीकडे एकच चिंता आहे, ती वयाची. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो बनारसच्या देवकीनंदन खत्रींवरून. खत्री म्हणजे ऐयारांचे आणि तिलिस्मांचे बादशहा. ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. या माणसाने १८९८ मध्ये स्वतःचा लहरी प्रेस काढला, म्हणजे स्वप्रकाशकांचा आद्य पुरुषच. ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग त्यांनी पुरे केले. मग ‘भूतनाथ’ हाती घेतली, आणि ती अर्ध्यावर असताना १९१३ मध्ये ते गेले. राहिलेली कादंबरी त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी तडीला नेली.

हे वाचल्यावर महाकादंबरीकारांनी आपल्या चिरंजीवांना बोलावून घेतलं. चिरंजीव सीएच्या आर्टिकलशिपला आहेत. त्यांनी नकाशा पाहिला, व्याकरण चाळलं, पाच वर्षांच्या पुस्तिका क्रमाने लावल्या आणि पेन्सिल मागितली. मग म्हणाले, “बाबा, तुम्ही टक्के कशाचे काढताय? गेल्या वर्षी पाचशे पानांचे काढलेत, यंदा आठशेचे. भाजकच हलतोय. शिवाय पाच वर्षांत सव्वीस पात्रं आली, गेलं एकही नाही. मी लिहीन, पण पहिल्या प्रकरणात साथ येईल आणि चौघं उरतील. ड्रॅगन एकच ठेवू, बाकीच्यांचा घसारा काढू. सांगलीच्या सरांचे पैसे व्याजासकट परत.”

त्या रात्री महाकादंबरीकार पहाटेपर्यंत लिहीत होते. दुरुस्तीपत्रक कालच हाती आलं. खंड दुसऱ्यात नवा खलनायक दाखल झाला असून काम एकदम ८१ टक्क्यांवर गेलं आहे. खलनायक चष्मा लावतो, राजाच्या खजिन्यात पेन्सिल घेऊन शिरतो आणि महिन्याच्या वीस तारखेला त्याची शक्ती दुप्पट होते. जुळा भाऊ त्याला फितूर आहे.