बिनमोजणीचे जहागीरदार

जुहूच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील एका जीर्ण गृहनिर्माण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारचा चहा आटोपून आणि चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाला पुसून जे गृहस्थ संगणकापुढे ठाण मांडतात, त्यांना उभी इमारत भाऊसाहेब म्हणून ओळखते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागून नगर भूमापन अधिकारी या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. सबंध हयात दुसऱ्यांच्या जमिनींच्या चतुःसीमा कायम करण्यात आणि बांधावर उभे राहून भाऊबंदांची शिवीगाळ निर्विकार मुद्रेने ऐकण्यात गेली. स्वतःच्या नावावर मात्र या दोन खोल्यांपलीकडे, आणि त्याही सासऱ्यांच्या कृपेने, काहीच लागले नाही. अशा निर्भूम पुरुषाला उतारवयात, पेन्शनीतला एक पैसाही खर्ची न पडता जहागीर प्राप्त व्हावी, हा न्याय ईश्वराचा की आंतरजालाचा, याविषयी आमच्या संस्थेत दोन तट आहेत.

आंतरजालावर खेळ खेळणाऱ्या निवृत्तांची ही जात आता उपनगरांत सर्वत्र आढळते. आमच्याच इमारतीत एक माजी बँक व्यवस्थापक रोज सर्परूप धारण करून परमुलखातील सापांना वेढे घालतात, आणि एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, चित्र पाहून शब्द ओळखण्याच्या खेळात, अनोळखी पोरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून त्यांना पळता भुई थोडी करतात. परंतु भाऊसाहेबांची निष्ठा एकाच दैवतावर, आणि त्याचे नाव स्प्लिक्स डॉट आयओ. २०१५ साली मातेउस वालादारेस या ब्राझीली तरुणाने आगर डॉट आयओ हा खेळ काढून जी साथ सुरू केली, तिच्यातलाच हा पुढल्या वर्षीचा, नेदरलँड्सच्या एका तरुणाने रचलेला. ब्राउझर उघडावा, टोपणनाव द्यावे आणि जगभरच्या अज्ञात माणसांत सरळ उडी घ्यावी, असा या खेळांचा खाक्या.

वास्तविक असल्या पोरखेळांविषयी त्यांना पूर्वी तिटकारा होता. २००६ साली मुंबईत अंबानींच्या उद्योगसमूहाने ‘झपाक’ नावाचे खेळांचे संकेतस्थळ काढले, तेव्हा त्यावर रात्री जागवणाऱ्या चिरंजीवांची संगणकाची तार त्यांनी रीतसर पंचनामा करून जप्त केली होती. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश हे तंत्र त्याच्या मालक कंपनीनेच निकालात काढले आणि त्यावर उभे असलेले असंख्य खेळ मुके झाले, तेव्हा सरकारी दफ्तरात ‘ड’ वर्गाचा कागददेखील वर्षभर सांभाळतात, यांची तेवढीही लायकी नव्हती, असा शेरा त्यांनी मारला होता. पण तोवर त्यांचे स्वतःचे पाऊल घसरून चुकले होते, कारण त्याच वर्षीच्या टाळेबंदीत नातवाने त्यांना स्प्लिक्सपुढे आणून बसवले होते.

खेळ सोपा. आपल्या जागेतून बाहेर पडावे, मागे रेघ ओढीत फेरा मारावा आणि पुन्हा स्वतःच्या जागेत शिरावे, की वेढलेली सारी भूमी आपल्या रंगात रंगते; अर्ज नाही, मोजणी फी नाही, लगतच्या खातेदारांना नोटीस नाही. मात्र फेरा पुरा होण्यापूर्वी दुसरा कोणी त्या रेघेला आडवा गेला, तर देह आणि दौलत एकाच क्षणी खालसा! भाऊसाहेबांनी पहिल्या दिवशी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “आधीचा कब्जेदार कोण?”

“कोणीच नाही, आजोबा. रिकामी आहे.”

“म्हणजे सरकारी पड,” असे म्हणून त्यांनी मन घट्ट केले आणि पहिला फेरा मारला.

स्वभाव मात्र बदलला नाही. साखळी तेहतीस फुटांची आणि तेहतीस फूट चौरस जागेचा गुंठा, हे हाडीमांसी भिनलेले असल्यामुळे पडद्यावरचा एकेक चौकोन म्हणजे एकेक गुंठा असे त्यांनी ठरवून टाकले. एकदा त्यांच्या नावे बाराशे चौकोन लागले, तेव्हा चाळीस गुंठ्यांचा एकर या हिशेबाने तीस एकरांचे स्वामित्व कागदावर मांडून ते आमच्याकडे धावत आले. जेथे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले, तो विमानतळ वगळता एवढी सलग मोकळी जागा सबंध जुहूत दाखवा, असे त्यांचे आव्हान होते. ज्या संस्थेचा पुनर्विकास सभासदांच्या संमतीपत्रांवाचून वर्षानुवर्षे तहकूब आहे, तिच्या जिन्यात उभे राहून हे ऐकताना आमच्याच्याने हसवेना.

परतून आले तो राज्य बुडाले होते; आपल्या पाठीमागे खेळ चालूच राहतो, हे विजयाच्या भरात ते विसरले.

“आजोबा, किंगझोंबीने तुमची रेघ कापली.”

“पूर्ण नाव काय त्याचे? वडिलांचे नाव? राहणार कुठला?”

खेळाडू म्हणून ते सुमार आहेत, हे सांगितले पाहिजे. दुसऱ्याची रेघ उघड्यावर आयती सापडली तरी ते क्षणभर थबकतात, कारण समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून निकाल देणे त्यांच्या हाताला रुचत नाही; तेवढ्यात समोरचा पोरगा त्यांचाच निकाल लावतो. ‘आयओ’ या शेपटाचा शोध घेता ते हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाचे आंतरजालीय चिन्ह निघाले, आणि तो प्रदेश १९६५ साली मॉरिशसपासून तोडलेला, ज्याबद्दल २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध अभिप्राय दिलेला. हे कळले त्या दिवशी त्यांचा चेहरा किती प्रफुल्ल झाला होता! “मूळ मिळकतच वादग्रस्त,” ते म्हणाले, “मग किंगझोंबीचा कब्जा कायदेशीर कसा?”

जुहूत घर घेणाऱ्यांनी आपले मालमत्ता पत्रक एकदा भाऊसाहेबांना जरूर दाखवावे. ते विनामूल्य, बारकाईने आणि निःस्पृहपणे पाहून देतात. फक्त चार ते सहा या वेळात त्यांची घंटा वाजवू नये.